शस्त्रक्रियेपूर्वीच्या एमआरआयमध्ये टी३ए, फाईलवर मात्र टी१सी : प्रोस्टेट कर्करोगाचा खरा टप्पा कोणता मानावा?

समिधा (प्रश्न)

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६७ आहे. बायॉप्सीत प्रोस्टेटचा कर्करोग निश्चित झाला असून डॉक्टरांनी ग्रंथी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. पीएसए, म्हणजे रक्तातील प्रोस्टेटच्या प्रथिनाची पातळी, ९.४ आहे, ग्लीसन, म्हणजे कर्करोगपेशींची प्रतवारी, ४+३ म्हणजे ७ आहे आणि बायॉप्सीच्या बारापैकी पाच तुकड्यांत कर्करोग सापडला. त्यांतले चार तुकडे उजव्या बाजूचे आहेत. गुदमार्गातून बोटाने तपासताना गाठ हाताला लागली नव्हती, त्यामुळे फाईलवर टप्पा टी१सी असा लिहिलेला आहे.

त्यानंतर, बायॉप्सी होऊन महिना पूर्ण होण्याआधीच, एमआरआय केला. त्याच्या अहवालात उजवीकडच्या परिघीय भागात १७ मिमी आकाराचा संशयित भाग दिसतो, त्याला पाय-रॅड्स ५ दिले आहे, आणि पुढे ‘आवरणाशी विस्तृत संपर्क, आवरणाबाहेर प्रसाराची शक्यता नाकारता येत नाही, टी३ए असू शकेल’ असे वाक्य आहे. वीर्यकोश निरोगी आहेत, ओटीपोटातील लसिकाग्रंथी वाढलेल्या नाहीत. शेवटी ‘बायॉप्सीनंतरच्या रक्तस्रावाच्या खुणा’ असाही उल्लेख आहे.

घरात यावरून फार घालमेल चालली आहे. भाऊ म्हणतो की आजार ग्रंथीबाहेर गेला असेल तर शस्त्रक्रियेला अर्थ नाही. आईला वाटते की पाय-रॅड्स ५ म्हणजे पाचवा टप्पा. एकाच माणसाच्या एकाच आजाराला दोन वेगळे टप्पे कसे असू शकतात, त्यांपैकी कोणता धरून निर्णय घ्यावा, आणि एमआरआयच्या ‘शक्यता’ या शब्दावर किती विसंबावे, हे कोणी समजावून सांगितले तर आमच्यावर उपकार होतील. आमच्या डॉक्टरांशी पुढची भेट ठरलेली आहे; तिथे काय विचारायचे तेही कळले तर बरे होईल.

क्षकिरण (उत्तर)

मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि प्रोस्टेटचे एमआरआय नियमितपणे वाचतो. तुमच्या वडिलांच्या प्रतिमा मी पाहिलेल्या नसल्याने त्यांच्याविषयी निदान करणार नाही. परंतु अहवालातल्या शब्दांमागे काय असते ते सांगू शकतो.

आधी आईंची शंका दूर करू, कारण तिचा मनावर विनाकारण भार पडतो. पाय-रॅड्स हा कर्करोगाचा टप्पा नाही आणि ग्लीसनसारखी पेशींची प्रतवारीही नाही. प्रतिमेत दिसणारा भाग दखल घेण्याजोगा कर्करोग असण्याची शक्यता किती, एवढेच तो १ ते ५ या आकड्यांत सांगतो. परिघीय भागातील ४ आणि ५ यांत फरक पडतो तो मुख्यतः आकाराने: १५ मिमी किंवा त्याहून मोठा भाग, अथवा ग्रंथीबाहेर निश्चितपणे गेलेला भाग, ५ ठरतो. तुमच्याकडे १७ मिमी आहे, म्हणून ५. बायॉप्सीने कर्करोग सिद्ध झाल्यावर या आकड्याचे काम जवळपास संपलेले असते.

आता दोन टप्प्यांविषयी. टी१सी हा रुग्णाला तपासून ठरवलेला, म्हणजे चिकित्सालयीन, टप्पा आहे. अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सरच्या टप्पे ठरवण्याच्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीनुसार, जी २०१८पासून वापरात आहे, प्रोस्टेटचा चिकित्सालयीन टी टप्पा बोटाच्या तपासणीवरूनच लिहायचा असतो. एमआरआयमध्ये काहीही दिसले तरी तो बदलत नाही. हा नियम वाचून अनेकांना आश्चर्य वाटते, पण त्याला सबळ कारण आहे. रोगाचा धोका कमी, मध्यम की अधिक हे सांगणारी कोष्टके ज्या हजारो रुग्णांच्या माहितीवर बेतलेली आहेत, त्यांचे टप्पे बोटाच्या तपासणीने ठरवले गेले होते. त्या जुन्या कोष्टकात एमआरआयचा टी३ए घातला, तर रुग्णाचा धोका प्रत्यक्षात आहे त्याहून मोठा दिसतो. तुमच्या वडिलांचेच पाहा: पीएसए १०च्या आत, ग्लीसन ७ आणि टी१सी यांमुळे ते मध्यम धोक्याच्या गटात येतात, आणि ४+३ असल्यामुळे त्या गटाच्या प्रतिकूल बाजूला, तिथे टी३ए लिहिले की ते एकदम अधिक धोक्याच्या गटात जातात. म्हणून फाईलवरचा टी१सी चुकीचा नाही आणि एमआरआयचे निरीक्षणही निरर्थक नाही. टी१सी धोक्याचा गट ठरवण्यासाठी आहे, एमआरआयचे निरीक्षण शस्त्रक्रियेची आखणी करण्यासाठी. अंतिम टप्पा मात्र ग्रंथी काढल्यानंतर पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली ठरवतात.

एमआरआयवर किती विसंबावे, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. २०१६ साली ७५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात साडेनऊ हजारांहून अधिक रुग्ण होते. आवरणाबाहेरचा प्रसार ओळखण्यात एमआरआयची संवेदनशीलता ५७ टक्के आणि विशिष्टता ९१ टक्के निघाली. वीर्यकोशांसाठी हेच आकडे ५८ आणि ९६ होते. याचा अर्थ उदाहरणाने सांगतो. शंभर पुरुषांपैकी तीस जणांचा आजार खरोखर आवरणाबाहेर गेला आहे असे धरा. एमआरआय त्यांतले साधारण सतरा ओळखेल आणि तेरा निसटतील. उरलेल्या सत्तर जणांपैकी सहा जणांना तो उगाचच ‘बाहेर गेला’ म्हणेल. म्हणजे ज्या तेवीस जणांच्या अहवालात प्रसार लिहिला गेला, त्यांतल्या सतरांच्या बाबतीत तो बरोबर. आणि ज्या सत्त्याहत्तर जणांना ‘आत आहे’ असे सांगितले, त्यांतल्या तेरांच्या बाबतीत तो चूक. एमआरआयला प्रसार स्पष्ट दिसला तर ते गांभीर्याने घ्यावे. दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नये.

निसटण्याचे कारण यंत्राच्या मर्यादेत आहे. टी२ प्रतिमांमध्ये (इथे टी१, टी२ हे एमआरआय प्रतिमांचे प्रकार आहेत, टप्पे नव्हेत) निरोगी परिघीय भाग उजळ दिसतो, कर्करोग गडद दिसतो आणि आवरण म्हणजे त्या दोहोंच्या कडेने जाणारी एक बारीक काळी रेघ असते. एकेका कापाची जाडी साधारण ३ मिमी असते. कर्करोगाच्या पेशींचे एखादे बोट अर्धा मिलिमीटर बाहेर डोकावले असेल, तर ते त्या कापात विरून जाते. पॅथॉलॉजिस्टला मात्र तेच सूक्ष्मदर्शकाखाली ठसठशीत दिसते. शिवाय ग्रंथीच्या टोकाकडे आणि पुढच्या बाजूला आवरण नीट वेगळे ओळखूच येत नाही, तिथे आत काय आणि बाहेर काय हे ठरवणे अवघडच असते.

‘विस्तृत संपर्क’ या शब्दांकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. आवरणाला गाठ किती लांबीपर्यंत चिकटलेली आहे, आवरण फुगलेले किंवा खडबडीत झाले आहे का, आणि आजार चरबीत उघडपणे शिरलेला दिसतो का, या तीन गोष्टींवरून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील गटाने २०१९ साली एक साधी श्रेणी मांडली. पंधरा मिमी किंवा अधिक संपर्क अथवा आवरणाचा फुगवटा यांपैकी एकच असेल तर श्रेणी १, दोन्ही असतील तर २, उघड प्रसार असेल तर ३. त्यांच्या रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर श्रेणी १मध्ये सुमारे चतुर्थांश जणांचा, श्रेणी २मध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास जणांचा आणि श्रेणी ३मध्ये सुमारे दोन तृतीयांश जणांचा आजार खरोखर आवरणाबाहेर आढळला. तुमच्या अहवालात संपर्काशिवाय दुसरे काही लिहिलेले दिसत नाही. तसेच असेल तर ‘टी३ए असू शकेल’ हे वाक्य पहिल्या श्रेणीतले आहे, तिसऱ्या नव्हे. अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांकडून किंवा दुसऱ्या अनुभवी रेडिओलॉजिस्टकडून हे नेमके करून घ्या.

आणि रक्तस्राव. बायॉप्सीनंतर ग्रंथीत साचलेले रक्त टी१ प्रतिमेत उजळ आणि टी२ प्रतिमेत गडद दिसू शकते, म्हणजे ते कर्करोगाचे सोंग घेते किंवा त्याची कडा पुसट करते. म्हणूनच टप्पा ठरवण्यासाठी एमआरआय करायचा तर बायॉप्सीनंतर निदान सहा आठवडे थांबावे असे सांगितले जाते, आणि त्याहून चांगले म्हणजे एमआरआय बायॉप्सीच्या आधीच करावा. तुमचा बायॉप्सीनंतर सहा आठवडे होण्याआधीच झाला आहे. याचा अर्थ तो वाया गेला असे मुळीच नाही: संशयित जागी टी१ प्रतिमेत रक्त नसेल आणि डिफ्यूजन प्रतिमांतही (ऊतकातील पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या) तीच जागा ठळक असेल, तर निष्कर्ष टिकतो. रक्त नेमके आवरणालगत असेल तर मात्र ‘शक्यता’ हा शब्द रक्तामुळे आला की कर्करोगामुळे, हे विचारायलाच हवे.

शल्यविशारद (उत्तर)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मी मूत्ररोग शल्यचिकित्सक आहे, त्यामुळे हा अहवाल हातात आल्यावर शस्त्रक्रियागृहात काय बदलते तेवढे लिहितो.

तुमच्या भावाचे म्हणणे पूर्वी बऱ्याच प्रमाणात ग्राह्य धरले जात असे, आज तसे नाही. आजार आवरणाबाहेर किंचित गेला असला तरी शस्त्रक्रिया हा मान्य पर्याय आहे. फक्त ती एकट्याने पुरेशी ठरेलच असे नाही, पुढे किरणोपचाराची गरज भासू शकते, आणि हे रुग्णाला आधी सांगितलेले असले पाहिजे. दुसरा तितकाच मान्य पर्याय म्हणजे किरणोपचार आणि त्यासोबत संप्रेरकरोधक उपचार. इथे टप्प्याचा फरक थेट जाणवतो: प्रतिकूल मध्यम गटात संप्रेरकरोधक औषधे साधारण चार ते सहा महिने देतात, अधिक धोक्याच्या गटात हा काळ दीड ते तीन वर्षांपर्यंत जातो. त्यामुळे ‘टी३ए असू शकेल’ एवढ्या शब्दावर कोणी तुमच्या वडिलांना वरच्या गटात टाकत असेल, तर त्याचा आधार काय हे नम्रपणे पण ठामपणे विचारा.

शस्त्रक्रिया करायची ठरली, तर एमआरआय मला सर्वात जास्त मदत करतो तो नसांच्या बाबतीत. लिंगताठरतेला कारणीभूत नसा आणि रक्तवाहिन्या यांचे दोन जुडगे ग्रंथीच्या मागच्या कडांना दोन्ही बाजूंनी चिकटून जातात. प्रतिमेत पाहिले तर घड्याळातील ५ आणि ७च्या जागी. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये या नसा राखून ग्रंथी काढण्याची पद्धत सुरू केली, तेव्हापासून प्रत्येक शल्यचिकित्सकासमोर हाच पेच असतो: ग्रंथीच्या जितके जवळून कापावे तितकी नसांची कार्यक्षमता टिकते, आणि तितकाच कडेला कर्करोग राहून जाण्याचा धोका वाढतो. हा निर्णय दोन्ही बाजूंसाठी एकच असण्याची गरज नसते. तुमच्या वडिलांची डावी बाजू प्रतिमेत आणि बायॉप्सीत बरीचशी स्वच्छ असेल, तर तिथली नस पूर्ण राखता येईल; उजवीकडे, जिथे १७ मिमीचा भाग आवरणाला टेकलेला आहे, तिथे थोडे दूरवरून, म्हणजे काही ऊतक सोबत घेऊन कापावे लागेल. रोबोटच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करताना बोटांना ऊतकाचा कठीणपणा जाणवत नाही, तेव्हा हा नकाशा आणखी मोलाचा ठरतो. काही ठिकाणी ग्रंथी बाहेर काढल्यावर नसेलगतचा पृष्ठभाग लगेच गोठवून, त्याचे काप करून तपासतात. कडेला कर्करोग दिसला तर त्याच बैठकीत त्या बाजूचे ऊतक काढले जाते. तुमच्याकडे ही सोय आहे का, हे विचारण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट एमआरआयमधून मिळते, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ग्रंथीच्या टोकाखालच्या, स्नायूंनी वेढलेल्या मूत्रमार्गाची लांबी उभ्या कापात मोजता येते. ती जास्त असेल तर शस्त्रक्रियेनंतर लघवीवर ताबा लवकर येण्याची शक्यता अधिक असते. अहवालात ती नसली तरी प्रतिमेवर मोजता येते, आणि मी ती नेहमी मोजतो.

शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे गेली तर तुमच्या वडिलांसारख्या आजारात सहसा नुकसान होत नाही. बायॉप्सीनंतरची सूज ओसरायला शल्यचिकित्सक तसेही काही आठवडे थांबतात. म्हणून रक्तस्रावामुळे प्रतिमा खरोखरच अस्पष्ट असतील, तर त्या काळात एमआरआय पुन्हा करून घेण्यात गैर काही नाही. फक्त संप्रेरकरोधक औषध त्याआधी सुरू होणार नाही याची काळजी घ्या. त्या औषधाने ग्रंथी आक्रसते, उजळ आणि गडद यांतला फरक पुसट होतो आणि प्रतिमा वाचणे कठीण जाते.

अनुभवी (उत्तर)

मी डॉक्टर नाही. माझी हीच शस्त्रक्रिया झालेली आहे, म्हणून रुग्णाच्या बाजूने थोडे लिहितो.

माझ्या एमआरआयमध्ये आजार पूर्णपणे ग्रंथीच्या आत आहे असे स्पष्ट लिहिले होते. शस्त्रक्रियेनंतरच्या अंतिम अहवालात मात्र डाव्या बाजूला एका जागी तो आवरणाबाहेर किंचित गेलेला निघाला, कडा मात्र स्वच्छ होत्या. त्या वेळी मला धक्का बसला नाही, कारण माझ्या शल्यचिकित्सकांनी आधीच मला संगणकासमोर बसवून एकेक काप पुढे सरकवत गाठ कुठे आहे, आवरणाची रेघ कुठे अखंड दिसते आणि कुठे तिचा भरवसा धरता येत नाही, हे दाखवले होते. ‘या बाजूला मी थोडा सावध राहीन,’ असे त्यांनी बोट ठेवून सांगितले, आणि तीच बाजू पुढे खरी ठरली. आज पीएसए मोजता येण्याच्या पातळीखाली आहे.

माझे एवढेच सांगणे आहे की अहवालाचा कागद वाचून घरी चर्चा करत बसण्यापेक्षा वडिलांना सोबत घेऊन शल्यचिकित्सकांना प्रतिमा दाखवायला सांगा. निर्णय त्यांच्या शरीराचा आहे. नसा राखणे त्यांना किती महत्त्वाचे वाटते हे त्यांच्या तोंडून यायला हवे. मुलांसमोर या विषयावर बोलायला वडील संकोचतात, तेव्हा त्यांना डॉक्टरांशी काही वेळ एकट्याने बोलू द्या.

समिधा

तिघांचेही मनापासून आभार. आईला पाय-रॅड्सचा अर्थ वाचून दाखवला, तिला खूप हायसे वाटले. शेवटचा मुद्दा आम्हाला सुचलाच नव्हता, तो नक्की लक्षात ठेवीन.

दोन शंका उरल्या आहेत. ‘लसिकाग्रंथी वाढलेल्या नाहीत’ हे वाक्य निर्धास्त होण्याइतके पक्के आहे का? आणि दुसरे मत घ्यायचे झाल्यास आमच्याकडच्या छापील फिल्म पुरतील का?

क्षकिरण

लसिकाग्रंथींबाबत नाही, तितके पक्के नाही. एमआरआय असो वा सीटी, दोन्ही तिथे मुख्यतः आकार पाहतात; ओटीपोटात साधारण ८ मिमीपेक्षा अधिक रुंदीची ग्रंथी संशयित मानतात. कर्करोग पोहोचलेल्या कित्येक ग्रंथी याहून लहान असतात, त्यामुळे अशा रुग्णांतले निम्म्याहून अधिक या कसोटीतून निसटतात. इथे पीएसएमए पेट स्कॅन अधिक उपयोगी पडतो, कारण तो आकाराऐवजी प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींच्या पृष्ठभागावर भरपूर असणाऱ्या एका प्रथिनाचा शोध घेतो. २०२० साली ऑस्ट्रेलियातील ३०२ पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात प्रसार ओळखण्यातली अचूकता पीएसएमए पेट-सीटीची ९२ टक्के, तर सीटी आणि बोन स्कॅन मिळून ६५ टक्के होती. त्या अभ्यासात ग्लीसन ४+३ असलेल्या रुग्णांनाही घेतले होते, म्हणजे तुमच्या वडिलांसाठी हा प्रश्न डॉक्टरांना विचारणे अगदी योग्य आहे. अर्थात काही मिलिमीटरपेक्षा लहान ठिपके त्यालाही दिसत नाहीत. म्हणून पेट स्कॅन स्वच्छ आला तरी शल्यचिकित्सक कधी कधी ओटीपोटातील लसिकाग्रंथी शस्त्रक्रियेत काढून तपासायला पाठवतात. प्रोस्टेट ग्रंथीच्या आतल्या आणि आवरणालगतच्या बारकाव्यांसाठी मात्र एमआरआयच सरस आहे. एक स्कॅन दुसऱ्याची जागा घेत नाही.

छापील फिल्म पुरणार नाहीत. त्यांवर निवडक काप असतात आणि डिफ्यूजन प्रतिमा बहुधा टिकलीएवढ्या छापलेल्या असतात. जिथे एमआरआय झाला तिथून मूळ डिजिटल प्रतिमांची सीडी किंवा पेनड्राइव्हवरची प्रत मागा आणि तीत तिन्ही दिशांच्या टी२ प्रतिमा, टी१ प्रतिमा, डिफ्यूजन प्रतिमा त्यांच्या एडीसी नकाशासह (त्यांवरूनच गणिताने काढलेली प्रतिमा), तसेच कॉन्ट्रास्ट दिले असल्यास तीही मालिका आहे ना, याची खात्री करून घ्या. सोबत बायॉप्सीचा पूर्ण अहवाल द्या, त्यात कोणता तुकडा ग्रंथीच्या कोणत्या जागेचा आहे हे लिहिलेले असते. एमआरआयमधला भाग आणि बायॉप्सीतले तुकडे एकमेकांशी जुळवून पाहिले की दुसरे मत खरोखर उपयोगाचे होते. आणि एमआरआयची तारीख व बायॉप्सीची तारीख या दोन्ही ठळकपणे लिहून द्या, म्हणजे प्रतिमा वाचणारे डॉक्टर रक्तस्रावाचा विचार पहिल्यापासूनच करतील.

शल्यविशारद

एक भर घालतो. वडिलांना मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल आणि एमआरआय पुन्हा करायचा ठरला, तर गॅडोलिनियमचे, म्हणजे कॉन्ट्रास्टचे, इंजेक्शन देण्यापूर्वी मूत्रपिंडाच्या कार्याची तपासणी झालेली असावी. हृदयात पेसमेकर किंवा खुब्यात धातूचा सांधा असेल तर तेही आधी कळवा. धातूच्या सांध्यामुळे डिफ्यूजन प्रतिमा विस्कटतात आणि तंत्रज्ञांना आधीच माहीत असेल तर ते त्यानुसार मालिका बदलू शकतात. तपासणीच्या आधी पोट साफ असावे, कारण गुदाशयातील वायूनेही नेमक्या मागच्या कडेच्या, म्हणजे तुमच्या वडिलांच्या बाबतीत सर्वात महत्त्वाच्या जागेच्या, प्रतिमा बिघडतात.